देवघरातल्या डब्यातल्या शिवराया: नाव एका राजाचं, काळ दोनशे वर्षांचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कसबा पेठेतला तुमचा वाडा पुनर्विकासाला गेला. सामान हलवताना आजेसासूबाईंच्या देवघरातल्या पितळी डब्यात, लाल फडक्याच्या पुरचुंडीत, तांब्याची ३१ नाणी निघाली. बहुतेकांवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असं वाचता येतं (यांनाच शिवराई म्हणतात), पण एक नाणं दुसऱ्यासारखं नाही. एका सराफानं पाहून सांगितलं, "एकसारखी नाहीत, अक्षरं चुकलीत, म्हणजे नकली. मोडीत घाला." तुम्ही विचारताय की ही खरंच महाराजांच्या काळातली आहेत का, सगळी वेगवेगळी का, त्यांच्यावर साल का नाही आणि ती स्वच्छ कशी करायची.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी, कारण तिथे उशीर झाला तर नुकसान होईल. ती घासू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, पितांबरी तर अजिबात नको. दोन नाणी तुम्ही चिंचेनं घासलीत, ती फोटोत गुलाबी दिसतायत. झालं ते झालं, बाकीच्या २९ नाण्यांना तसं करू नका. तांब्यावर दीड-दोनशे वर्षांत जो तपकिरी-काळसर थर बसतो तो मळ नसतो, ते नाण्याचं कवच असतं. ते निघालं की अक्षरांच्या कडा झिजतात आणि नाण्याचं वय सांगणारी एक मोठी खूण कायमची जाते.

आणि मोडीत तर घालूच नका. ही नकली नाहीत. पस्तीस वर्षं मी तांब्याची नाणी हाताळतो आहे, त्यातली बरीचशी शिवराईच. दोन शिवराया तंतोतंत सारख्या दिसल्या, तर मला उलट तिथे संशय येतो. का, ते पुढे सांगतो.

नावापासून सुरुवात करू. 'शिवराई' हे आपल्याला आज एकमेव नाव वाटतं, पण त्या काळच्या माणसाला ते ओळखीच्या साच्यातलं होतं. विजयनगरच्या राजांचे सोन्याचे होन दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या चालत होते आणि लोक त्यांना राजाच्या नावानं ओळखत: देवरायाचा तो देवराई, अच्युतरायाचा अच्युतराई, रामचंद्ररायाचा रामचंद्रराई. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची लांबलचक यादी आहे. त्यात ही सगळी नावं येतात आणि त्यांच्याच पंगतीत 'शिवराई होन' बसलेला दिसतो. म्हणजे बाजारानं या नव्या राजाला सिंहासनावर बसताक्षणी जुन्या, भरवशाच्या दक्षिणी राजांच्या रांगेत नेऊन बसवलं. नाण्यावर 'शिवराई' हा शब्द कुठेच कोरलेला नाही. तो लोकांनी दिलेला आहे.

राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी, रायगडावर. छत्रपती म्हणून पाडलेली नाणी त्यानंतरची: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आकारानं बोटाच्या टोकावर मावेल एवढा, वजन साधारण पावणेतीन ग्रॅम. आज माहीत असलेले अस्सल होन मोजकेच आहेत, आणि त्यामुळे सगळं कौतुक त्याच्याच वाट्याला जातं. मला मात्र तांबं जास्त महत्त्वाचं वाटतं. होन खजिन्यात जाई, खंडणीत जाई, नजराण्यात जाई. मीठ-तेल घेणाऱ्या बाईच्या हातात, नावाड्याच्या, न्हाव्याच्या, कुंभाराच्या हातात पडायची ती शिवराई. राज्य बदललं ही बातमी ज्यांना कुठल्या दरबारात कळणार नव्हती, त्यांना ती या तांब्याच्या चकतीनं कळवली.

आता तिची घडण नीट पाहा. तुमच्या सातव्या फोटोतलं नाणं समोर ठेवतो, कारण तुमच्या डब्यातलं ते सगळ्यात देखणं आहे. एका बाजूला तीन ओळी: वर 'श्री', मधे 'राजा', खाली 'शिव'. दुसऱ्या बाजूला दोन ओळी: 'छत्र' आणि 'पति'. भोवती टिंबांची कडा, तीही अर्धीच उमटलेली. बास. राजाचा चेहरा नाही, देवाची मूर्ती नाही, टांकसाळीचं नाव नाही, किंमत नाही, साल नाही. विजयनगरच्या होनांवर देवदेवता होत्या. आजूबाजूच्या आदिलशाही आणि मुघली तांब्यावर फारसी मजकूर असे. या नाण्यावर फक्त नागरी अक्षरं आहेत, आणि तीसुद्धा इतकी मोजकी की ज्याला जेमतेम अक्षरओळख आहे त्यालाही वाचता यावीत. ज्या राजानं कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय शोधून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याच विचाराचं हे तांब्यातलं रूप आहे. कोश वाचणारे थोडे, नाणं हाताळणारे लाखो.

साल का नाही, असं तुम्ही विचारलंत. राज्याभिषेक शक सुरू केलेला असताना नाण्यावर तो घातला नाही, याचं नवल अनेकांना वाटतं. माझं मत असं की तांब्याच्या नाण्याला सालाची गरजच नव्हती. मुघली रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचं साल असे, आणि साल जुनं झालं की सराफ त्यावर बट्टा कापत. एकाच वजनाचा, एकाच चांदीचा रुपया केवळ दोन वर्षं जुना म्हणून कमी किमतीला जाई. बिनसालाच्या शिवराईवर अशी कातरी चालवायला सराफाला जागा राहत नाही. हे मुद्दाम केलं असं सांगणारा कागद मी पाहिलेला नाही, पण परिणाम मात्र तसा झाला.

याच सुमाराची एक हकिकत इथे सांगायलाच हवी. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. तहाची कलमं घेऊन आला, त्यातलं एक असं की इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. महाराजांच्या बाजूनं उत्तर गेलं त्याचा आशय असा: असं कलम घालायची गरज नाही. कोणाचंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला इतरांच्या बरोबरीचं असेल तर ते आपोआप चालेल. नाण्याचा धंदा ज्यांनी केलाय त्यांना या उत्तरातली समज लगेच कळेल. नाणं हुकमानं चालत नाही, घेणाऱ्याच्या विश्वासानं चालतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: सगळी वेगवेगळी का?

यासाठी नाणं कसं पाडत ते डोळ्यासमोर आणा. तांब्याचा लगडीसारखा दांडा किंवा पट्टी घ्यायची, छिन्नीनं तुकडे तोडायचे, ठोकून चपटे करायचे. त्यांचं वजन पाहायचं, जास्त असेल तर कडेचा कोपरा कापायचा. तुमच्या बऱ्याच नाण्यांना एक बाजू सरळ कापलेली दिसते ती याचमुळे. कडांना पडलेल्या चिरा म्हणजे थंड होत चाललेल्या तांब्यावर घण बसल्याची निशाणी. मग चकती तापवायची. एक ठसा खाली ऐरणीत बसवलेला, दुसरा हातात धरलेला, मधे चकती, आणि वरून घणाचा घाव. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर कधीच येत नाही. कुठे 'श्री' अर्धी, कुठे 'ति' बाहेर. तीन-चार नाणी शेजारी ठेवली तर पूर्ण मजकूर जुळतो. घण बसताना हात हलला की अक्षर दोनदा उमटतं. तुमच्या बाराव्या नाण्यावर 'राजा'चा काना दुहेरी दिसतोय तो तसाच.

अक्षरं 'चुकली' त्याचं कारण याहून सुंदर आहे. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते नाण्यावर सुलटं येतं. हे काम करणारा कारागीर हाताचा पक्का, पण वाचता येणारा असेलच असं नाही. वरच्या ठशावर थेट घण बसतो म्हणून तो लवकर झिजतो, फुटतो. मग नवा ठसा करायचा तो कशावरून? समोर जे नाणं असेल त्यावरून. ते नाणं आधीच अर्धवट उमटलेलं. कारागीर दिसेल तसं उतरवतो. त्या ठशाची नाणी निघतात, त्यावरून पुढचा ठसा. अशा पाच-दहा पिढ्या झाल्या की 'शिव'चं 'सीव' होतं, 'सिव' होतं, 'छत्र'चा 'त्र' नुसत्या दोन रेघा उरतो, कधी आख्खं अक्षर उलटं फिरतं. लहानपणी कानगोष्टी खेळताना जे वाक्याचं होतं तेच इथे अक्षराचं झालं. म्हणून तुमच्या सराफाचं निदान नेमकं उलटं आहे. अक्षरांची ही मोडतोड खऱ्या, हातानं पाडलेल्या नाण्याची ओळख आहे. आज ओतून केलेल्या प्रतिकृतींवर मजकूर मधोमध, पूर्ण आणि स्वच्छ असतो, आणि डझनभर नाणी एकाच चिरेसकट एकसारखी निघतात.

तर ही महाराजांच्या काळातली आहेत का? एक-दोन असू शकतील, बाकीची नाहीत. पण "नाहीत" म्हटल्यावर हिरमुसू नका, कारण शिवराईची खरी गोष्ट इथेच सुरू होते.

सुरुवातीच्या शिवराया जाड, गोलसर, ठसठशीत अक्षराच्या असतात. वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम, म्हणजे आजच्या हिशेबातल्या तोळ्याच्या (११.६६ ग्रॅम) आसपास. तुमचं सातवं नाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ११.४ भरलं, अक्षर बांधीव आहे, कडेची टिंबं नेटकी आहेत. हे एक मी जुन्यांत धरीन. सोबतचं एकविसावंही तसंच वाटतं, पण ते तुम्ही चिंचेनं घासलेल्या दोनांपैकी एक आहे, त्यामुळे हातात घेऊन पाहिल्याशिवाय बोलणार नाही. नुसत्या वजनावर कधी जाऊ नका. झिजलेलं जुनं नाणं हलकं भरतं, आणि नंतरच्या काळातही एखादं जड पडलेलं असतं. अक्षराचं वळण, चकतीची जाडी, कडा आणि वजन या चारही गोष्टी एका दिशेनं बोलल्या पाहिजेत.

तुमच्या बाकीच्या बहुतेक शिवराया ७ ते ९ ग्रॅममधल्या आहेत. ती पेशवाईतली आणि त्यानंतरची. त्यांच्यावर कुठे चंद्रकोर दिसेल, कुठे सूर्य, कुठे बेलाचं पान, कुठे त्रिशूळ. महाराजांनंतरच्या छत्रपतींच्या नावांची, 'राजा राम', 'राजा शाहू' अशी नाणीही मिळतात, पण कमी. ढीगच्या ढीग मिळतात ती 'राजा शिव' याच नावाची. राजा गेला १६८० मध्ये, आणि त्याच्या नावाचं नाणं पुढे दीडशे वर्षं नव्यानं पडत राहिलं.

इथे थोडा थांबतो, कारण मला या विषयात सगळ्यात जास्त काय भिडतं तर हेच. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया घ्या. चांदीचा, अंकुशाची खूण असलेला, मराठ्यांच्या राजधानीत पडलेला. त्यावर मजकूर कोणाचा? दिल्लीच्या बादशहाचा, फारसीत. गावाचं नावसुद्धा औरंगजेबाच्या काळात दिलेलं 'मुहियाबाद पुणे'. ज्या मराठ्यांनी दिल्लीचं तख्त हलवलं त्यांच्या रुपयावर शाह आलम, आणि त्याच पुण्यात, त्याच दिवशी, बाजारात फिरणाऱ्या पैशावर राजा शिव छत्रपती. एकाच माणसाच्या कनवटीला दोन्ही.

हे विसंगत वाटतं, पण त्याला कारणं आहेत. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हापासून बादशाही चौकट कागदोपत्री मानली गेली होती. पण त्याहून मोठं कारण बाजाराचं. रुपया लांब जातो. पुण्यातला रुपया सुरतेच्या, हैदराबादच्या, बनारसच्या पेढीवर स्वीकारला गेला पाहिजे, आणि तिथल्या सराफाला बादशहाचा ठसा ओळखीचा. त्यात बदल केला की बट्टा बसणार. तांबं लांब जात नाही. ते गावच्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत जातं आणि परत येतं. त्याचा विश्वास इथल्याच माणसांवर उभा असतो, आणि इथल्या माणसांना ज्या नावावर विश्वास होता ते नाव त्यावर राहिलं. म्हणून पेशव्यांनी तांब्यावर स्वतःचं नाव घातलं नाही, बादशहाचंही घातलं नाही. घातलं असतं तरी मंडईतल्या माळिणीनं ते सहज घेतलं असतं असं मला वाटत नाही. तेव्हा मंडई शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायची. पेशव्यांच्या दारातच खुर्दा मोजला जायचा, तोही महाराजांच्या नावाचा.

टांकसाळींबद्दल एक गैरसमज आहे की सगळी नाणी एखाद्या सरकारी कारखान्यात पडत. तांब्याच्या बाबतीत सरकार परवानगी द्यायचं, मक्ता द्यायचं आणि मक्त्याचे पैसे घ्यायचं. टांकसाळ चालवायचा तो खासगी माणूस, बहुधा सोनार, कासार किंवा सावकार. कोकणात नागोठणे, रेवदंडा अशा ठिकाणी असे मक्ते होते. नाण्याचं वजन किती मासे (मासा हे तेव्हाचं वजनाचं माप) हवं ते मक्त्यात लिहिलेलं असे. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशवे दप्तरातल्या अशा कागदांवरून मराठ्यांच्या टांकसाळींवर लिहिलं, त्यामुळे हे चित्र आपल्याला कळलं. मक्तेदाराला फायदा हवा, तांबं महाग झालं की वजनात हात मारायचा मोह होणार, शेजारच्या गावी बिनपरवान्याची टांकसाळ निघणार, तक्रारी येणार, मग पुण्याहून त्या बंद करायचे हुकूम सुटणार. तुमच्या डब्यातली ७ ग्रॅमची आणि ९ ग्रॅमची शिवराई ही या ओढाताणीची वजनात उतरलेली नोंद आहे.

तांबंही इथलं फारसं नव्हतंच. समुद्रमार्गे येई. सतराव्या-अठराव्या शतकात डच व्यापारी जपानचं तांबं हिंदुस्थानात आणून विकत, नंतर युरोपचं येऊ लागलं. जहाज आलं नाही की भाव चढायचा, भाव चढला की नाणी वितळवून भांडी व्हायची. तुमच्याच पेठेतल्या तांबट आळीत आजही मठाराचा ठोका ऐकू येतो. हंडे-घागरी आणि शिवराई एकाच धातूची, एकाच बाजाराची भावंडं. कागदी हिशेब चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे ६४ पैशांना रुपया. पण रुपयाची मोड घ्यायला गेलं की त्या दिवशी तांब्याचा भाव काय, यावर हातात किती पैसे पडतील ते ठरायचं. खुर्दा मोजून देणारा सराफ त्यातच कमवायचा.

तुमच्याकडे एक लहानखुरं, साडेचार ग्रॅमचं नाणं आहे, ती अर्धी शिवराई, अधेल्याच्या, म्हणजे अर्ध्या पैशाच्या, मापाची. आणि तो एक जाड ढोबळा तुकडा तुम्ही 'खराब नाणं' म्हणून बाजूला काढलाय, तो मला दोन पैशांचा ढबू वाटतो. 'ढबू पैसा' आपण आज बोलण्यात वापरतो ते हे नाणं. त्याचा फोटो दोन्ही बाजूंनी, खिडकीच्या तिरप्या उजेडात काढून पाठवा. दिवा वरून मारू नका, अक्षरं सपाट होतात.

आता ती नाणी, ज्यांच्यावर ओळींच्या मध्ये दोन समांतर आडव्या रेघा आहेत. तुमच्याकडे अशी पाच आहेत. यांना आम्ही दुदांडी म्हणतो. ही सगळ्यात शेवटची शिवराई, पेशवाईच्या अखेरीपासून इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंतची. १८१८ मध्ये पेशवाई गेली, शनिवारवाड्यावरचं निशाण बदललं, आणि तरीही छत्रपतींच्या नावाचा पैसा पडत राहिला. इंग्रजांनी तो एकदम बंद केला नाही, कारण बंद करून बाजार कशावर चालवायचा, हा प्रश्न होता.

डब्यातली तराजूवाली तीन नाणी याच गोष्टीची दुसरी बाजू. एकीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, दुसरीकडे तराजू आणि फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. मुंबई इलाख्यासाठी १७९१, १७९४ आणि १८०४ या सालांची अशी नाणी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रावर पाडून जहाजानं आणली गेली. नंतर मुंबईतही तराजूची नाणी निघाली. ती एकसारखी, गोल, साल स्पष्ट. दोघांना शेजारी ठेवून पाहा. यंत्रातून आलेलं नाणं सुबक आहे, यात वाद नाही. पण आजेसासूबाईंच्या घरानं देवघरात ठेवायला मुख्यतः शिवराई निवडली.

१८३५ च्या कायद्यानं सगळ्या कंपनी मुलखाला एकच रुपया ठरला, आणि तांब्याचा नवा पैसाही त्याच सुमाराला आला. तो पैसा १०० ग्रेनचा, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या जवळ. तुमच्या दुदांड्या ८ ग्रॅमच्या वर आहेत. म्हणजे ज्या दिवशी नवा पैसा आला त्या दिवशी जुन्या शिवराईत तांबं जास्त होतं. खेडोपाडी ती हातची सोडायला लोक तयार नव्हते यात नवल ते काय? पुणे, नगर, सातारा भागातल्या बाजारांत ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत चालत राहिली. लोकमान्य टिळक ज्या पुण्यात वर्तमानपत्र काढत होते त्या पुण्यात शिवाजी महाराजांच्या नावाचा पैसा अजून हातात पडत होता, हे लक्षात घेतलं की शिवजयंतीच्या उत्सवाकडेही जरा वेगळ्या नजरेनं पाहता येतं. ते नाव लोक विसरलेलेच नव्हते. रोज मोजत होते.

आता पुढे काय करायचं ते.

धूळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, मऊ ब्रशनं हलकेच फिरवा, सुती कपड्यानं टिपून पूर्ण वाळवा. बास. हिरवी पूड झडतेय असं एखादं नाणं दिसलं तर ते बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, तो तांब्याचा रोग असतो. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत तांबं ठेवू नका, चिकट होऊन हिरवं पडतं. कागदी पाकीट चालेल, पाकिटावर पेन्सिलीनं क्रमांक आणि वजन लिहा. प्रत्येकाचं वजन दशांशापर्यंत घ्या. स्वयंपाकघरातला काटा पहिल्या अंदाजाला ठीक, पण एकदा सोनाराच्या काट्यावर मोजून आणा.

किमतीचं विचारलंत म्हणून सांगतो. नंतरच्या काळातली साधी शिवराई आज काही शे रुपयांत मिळते, कारण ती खूप पडली आणि खूप उरली. जुनी, पूर्ण मजकुराची असेल तर किंमत बरीच वर जाते. जुन्या बाजारात कोणी "होन आहे" म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली शिवराई पुढे केली तर हात मागे घ्या, अशी पुष्कळ फिरतात. कायद्याचंही ध्यानात असू द्या. शंभर वर्षांपुढची नाणी देशाबाहेर न्यायला मनाई आहे, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचीत असं तुम्ही लिहिलंय, ते करू नका. आणि वाड्याचा पाया खणताना जमिनीतून काही निघालं तर ते घरातल्या नाण्यांसारखं नसतं. १८७८ च्या कायद्यानुसार पुरलेला ठेवा कलेक्टरांना कळवावा लागतो. ठेकेदाराच्या माणसांनाही हे आधीच सांगून ठेवा.

माझा सल्ला विकू नका असा आहे. सुटी झाली की ती ३१ सुटी नाणी उरतील. आज ती एका पुणेरी घरानं एकत्र राखलेला खुर्दा आहे, महाराजांच्या काळापासून कंपनीच्या तराजूपर्यंतचा, आणि असा एकाच घरातून आलेला, न निवडलेला संच अभ्यासाला फार मोलाचा असतो. कोणत्या वजनाची किती, कोणत्या वळणाची किती, हे अशा डब्यांतूनच कळतं. व्यापाऱ्याच्या ट्रेमधून कळत नाही.

आणि शेवटच्या फोटोत, फडक्याच्या घडीत, मोडी लिपीत लिहिलेला कागदाचा एक तुकडा दिसतोय. त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. घडी स्वतः उलगडू नका, कडा कुरतडलेल्या आहेत. फडक्यासकट सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात घेऊन जा आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून तिथेच उलगडून घ्या. त्यावर नाण्यांची मोजणी आणि मिती लिहिलेली निघाली, तर मला लगेच कळवा.